आमच्या डीपीवर तक्रार नव्हती

जावेच्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, नवं यंत्र बसवलं त्या सकाळी मी गच्चीत मिरच्या वाळत घालत होते. मिरच्या आदल्या दिवशीच वाळून झाल्या होत्या. मला बघायचं होतं म्हणून पुन्हा पसरल्या.

आमची आणि धाकट्या जावेची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मधे एकच भिंत. सासऱ्यांनी घर वाटून दिलं तेव्हा पुढची बाजू आम्हाला आली, मागची दिराला. तिचं दार मागच्या गल्लीत उघडतं, म्हणून तिची लाइट तिकडच्या डीपीवरून येते आणि माझी इकडच्या. वाटणीच्या वेळी भांडी मोजली, पाट मोजले. लाइट कुठून येते हे कुणी बघितलं नाही.

वीज कंपनीची गाडी आली होती. दोघं वर चढले होते आणि डोक्यावर हेल्मेट घातलेली एक तरुण इंजिनीअर पोरगी खाली उभी राहून त्यांना सांगत होती. त्यांनी डीपीला एक राखाडी पेटी बसवली आणि तारांभोवती कड्या अडकवल्या. पेटीत मोबाइलसारखं सिमकार्ड असतं, कुठल्या तारेवर किती भार आहे ते पेटी आपोआप ऑफिसात कळवते, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की जावेला मिळालं आणि मला नाही. जाऊ पदर खोचून सगळ्यांना चहा देत होती. कपबश्या सासूबाईंच्या, फुलांच्या. त्याही तिच्याच वाटणीला गेल्या होत्या.

तिनं वर बघितलं.

"अक्का, मिरच्या करपतील की! या खाली च्याला."

"मला कामं हायत," मी म्हणाले.

"व्हय, दिसालीत हितनं."

खालची माणसं हसली. मी मिरच्या गोळा केल्या.

जावेवर माझा राग गिरणीवरून आहे. सासऱ्यांची पिठाची गिरणी आमच्या वाट्याला आली होती. दिराला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी होती, त्यांना गिरणीची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्याचा कारखाना बंद झाला आणि तो घरी बसला. तिला पापड करता आले असते, शेवया करता आल्या असत्या. तिनं गिरणी टाकली. माझ्या भिंतीच्या पलीकडं, माझ्याच धंद्याची. दीड वर्ष मी तिच्याशी बोलले नाही.

मला समाधान एकाच गोष्टीचं होतं. माझे मालक वीज कंपनीत लाइनमन होते. ते गेले, पण त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आमच्याच भागात वायरमन आहे. फ्यूज उडाला की मी त्याला फोन करायची. "वैनी, आलोच," म्हणायचा आणि चहाला उकळी फुटायच्या आत दारात. जावेला मात्र कंपनीचा तक्रारीचा नंबर लावावा लागायचा. एक दाबा, दोन दाबा, मग तक्रार क्रमांक लिहून घ्या. ती मोठ्यानं आकडे म्हणायची आणि मी भिंतीच्या अलीकडून ऐकायची. एकदा मी तिला म्हणाले, "आमच्यात तक्रार करत न्हाईत. आमी नुसता फोन करतो."

नुसता फ्यूजच नाही. आमच्या गल्लीत कुणाचा दिवा मंद झाला, पंखा गरगरेना झाला, की माणसं माझ्याकडं यायची. मी वायरमनला बोलवायची. खांबावर तीन तारा असतात. एका तारेला जोर कमी वाटला की तो त्या घराची जोडणी दुसऱ्या तारेवर बांधून द्यायचा. दहा मिनिटांचं काम. घरात उजेड पडायचा आणि लोक म्हणायचे, काकूंमुळं झालं. मला ते आवडायचं. कित्येक वर्षं मी कुणालाही नाही म्हटलं नाही.

मग गेल्या वर्षी माझ्याच गिरणीचं बिघडलं.

सकाळी नऊनंतर जातं जड व्हायचं. मोटर हुंकारत राहायची आणि दगड सावकाश फिरायचे. पीठ जाडसर पडायचं, शिवाय हाताला गरम लागायचं. गव्हाचं खपून जातं. ज्वारीचं नाही. माझी गिरणी चालते ती कडक भाकरी करणाऱ्या बायकांवर. पलीकडच्या बोळात त्यांचा गट आहे. रोज पोत्यानं ज्वारी लागते, आणि भाकरी कागदासारखी पातळ थापायची असते. बाकीचे लोक आता दुकानातून पिशवीतलं पीठ आणतात. ह्या बायका गेल्या तर गिरणीला कुलूप, हे मला लिहून दाखवायची गरज नव्हती.

गटाची मुख्य बाई एके दिवशी पिठाचं डबडं घेऊनच आली. मूठभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं.

"मावशी, बगा तुमीच. विरी हाय का ह्याला?"

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तो जळाला की भाकरी थापताना कडा फाटतात.

"जुनी ज्वारी असंल," मी म्हणाले.

"ज्वारी तीच हाय. मागल्या गल्लीत दळली तर फाटत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिच्या बायका डोक्यावर पोती घेऊन माझ्या दारावरून पुढं गेल्या. वळणावर वळल्या. एकीनंही माझ्याकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं भिंतीतून जावेच्या जात्याचा आवाज यायला लागला, एकसारखा, न अडखळता. मी हाताला येईल ते काम काढून बसले. काम काय होतं ते आठवत नाही. आवाज आठवतो.

पुढच्याच आठवड्यात मोटर जळली. नवी पेठेच्या मागं मोटरच्या आतल्या तारा नव्यानं भरून देणारा एक म्हातारा वाइंडिंगवाला आहे, त्याच्याकडं रिक्षातून नेली. त्यानं उघडून बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"अम्मा, ये तीसरी बार लाये तुम. इधर देखो. एकीच तरफ का तार काला हुआ. बाकी दोनो साफ."

"म्हंजे?"

"मोटर का कसूर नै. तुम्हारी लाइन बराबर नै. फिर भर देता मैं, फिर जलती."

मी वायरमनला सांगितलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "वैनी, वरूनच कमी येतंय. सगळीकडं तसंच हाय."

सगळीकडं तसंच असतं तर भिंतीपलीकडचं जातं कसं पळत होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत जावेच्या डीपीवर ती पेटी लागली. तिची लाइट चांगली, तरी यंत्र तिलाच. मला वाटलं, कुणाची तरी ओळख लावली असणार. कुणाला तरी चहा पाजला असणार.

मी नेसती साडी बदलली आणि सात रस्त्याच्या चौकात रिक्षा बदलून कंपनीच्या ऑफिसात गेले. तीच इंजिनीअर पोरगी टेबलामागं होती. हेल्मेटशिवाय आणखीच लहान दिसत होती.

"मागल्या गल्लीला यंत्र बसवलं. आमाला का न्हाई? माझे मालक तुमच्यातच लाइनमन होते," मी उभ्यानंच म्हणाले.

ती खुर्चीतून उठली. मला खुर्ची दिली. मग कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

"आजी, यंत्रं थोडीच आलीत. आणि जास्त आली असती तरी मी सगळीकडं बसवली नसती. आधी मी जिथं होते, त्या गावात मोठ्या रस्त्यावरच्या सगळ्या डीपींना बसवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला छान. पण ती काय सांगतायत ते रोज बघायचं कुणाचं काम, हेच ठरलं नव्हतं. वर्षभरात निम्मी बंद पडली, कुणाला पत्ताही नाही. म्हणून इथं मी आधी लिहून घेते. कुठं दुखतंय, यंत्रानं काय शोधून द्यायचंय, आणि सकाळी आल्यावर ते कोण बघणार. तिन्हीची उत्तरं असली तरच पेटी वर चढते."

"मग आमच्यात दुखत न्हाई?"

"दुखतंय हे मला तक्रारीवरून कळतं. मागच्या गल्लीतून इतक्या तक्रारी आल्या की ती डीपी यादीत वर गेली. तिथं गल्लीच्या टोकाकडं एक जोड सैल होता, तापत होता. पेटी लावल्यावर दोन दिवसांत सापडला." तिनं बोटानं पडद्यावरची यादी वर सरकवली, खाली सरकवली. "तुमच्या डीपीवर एकही तक्रार नाही. कित्येक वर्षांत नाही. आमच्या कागदावर तुमची डीपी अख्ख्या भागात सगळ्यात निरोगी आहे."

"निरोगी? तीनदा मोटर जळली माझी!"

"कुठं नोंदवलं?"

वायरमनचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं. तो इतकी वर्षं माझ्या फोनवर खांबावर चढत होता आणि कुठंही लिहीत नव्हता. त्याच्या नोकरीचं एक वर्ष राहिलं होतं. मी खुर्चीवरून उठले. ती चहा आणते म्हणाली, तर मी नको म्हणाले.

रिक्षात मला वायरमनचा राग आला नाही, त्या पोरीचाही आला नाही. जावेचा आला. तिचं एक दाबा, दोन दाबा सगळं कागदावर चढून बसलं होतं. माझी ओळख होती म्हणून माझ्या फोनांचा मागमूस नव्हता. तिला कुणी ओळखत नव्हतं, हीच तिची सोय झाली होती. मी तिला हसत होते त्या प्रत्येक वेळी ती एक पाऊल पुढं जात होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं. माहीत असतं तर मला कमी लागलं असतं.

घरी येऊन मी आधी वायरमनला बोलावलं. चहा दिला आणि सांगितलं, "आता तुला फोन करनार न्हाय. कंपनीत तक्रार करनार हाय."

"वैनी, मग माझं काय?"

"तुझं नाव मी घेनार न्हाय. पन त्या पोरीनं इचारलं तर खोटंबी बोलनार न्हाय."

तो बशीत चहा ओतत राहिला. "साहेब असते तर असं केलं नसतं," एवढं म्हणाला आणि गेला. साहेब म्हणजे माझे मालक. त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही. त्यांची मोटर जळत नव्हती.

मग मी तक्रारीचा नंबर लावला. यंत्रातली बाई बोलायला लागली. बिलावरचा लांबलचक ग्राहक क्रमांक टाका म्हणाली. चौथीपर्यंत शिकले आहे, आकडे मला येतात. पण माझ्या साध्या फोनवर ते दाबून होईपर्यंत ती वाट बघत नव्हती. तीनदा फोन कट झाला. घरात दुसरं कुणी नाही. गल्लीतल्या पोरांना सांगावं तर कालपर्यंत त्यांच्या आया माझ्याकडं यायच्या. शेवटी मी फिरून मागच्या गल्लीत गेले. जावेच्या गिरणीत शिरायची माझी ती पहिली वेळ. सहा वर्षांत मी तिचं जातं डोळ्यानं बघितलं नव्हतं. माझ्यापेक्षा लहान निघालं.

"तक्रार नोंदवून दे," मी म्हणाले.

"कुनाची? माझी?"

"डीपीची."

तिनं जात्यात ज्वारी सोडायची थांबवली. "तुमच्यात तक्रार करत न्हाईत की, अक्का."

तिनं ते जपून ठेवलं होतं. तिच्या जागी मीही ठेवलं असतं.

"आता करतात," मी म्हणाले.

तिनं साडीला हात पुसले, मोबाइल काढला आणि माझ्या बिलावरचा क्रमांक एकदाही न चुकता टाकला. "काय लिवू?"

"लिही, मोटर तीनदा जळली. पीठ गरम येतंय. लाइट मंद."

"कवा जळली?"

"एकदा गड्ड्याची जत्रा उठल्यावर. एकदा नागपंचमीला. एकदा आता."

तिनं लिहिलं. मग मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "एकीनं काय होनार अक्का? आमी गल्लीतल्या सगळ्यांनी केल्या, तवा त्या मॅडम आल्या. तुमच्या गल्लीतली मानसं घिऊन या."

ज्या ज्या घराला मी उजेड आणून दिला होता त्या प्रत्येक घरात मला जावं लागलं. बिल घ्या आणि मागल्या गल्लीत चला. माणसं आली. जावेच्या बाकड्यावर ओळीनं बसली, तिचा चहा प्यायली, तिनं एकेकाची तक्रार टाकली. एक म्हातारी म्हणाली, किती शिकलेली हाय पोरगी. ती सातवीपर्यंतच शिकली आहे. आणि येताना चौघींनी दळण घेऊन यायचं ठरवलं होतं, आता तिकडं जायचंच आहे तर. मी दारात उभी राहून माझ्याच गिऱ्हाइकांचं दळण तिच्या जात्यात पडताना बघितलं.

महिना व्हायच्या आत आमच्या डीपीवर पेटी बसली. आठवड्यानं ती पोरगी स्वतः आली. वायरमन शिडी घेऊन मागं उभा होता. तिनं मला तिच्या हातातल्या पडद्यावर तीन रेघा दाखवल्या. दोन खाली लोळत होत्या, एक डोंगरासारखी वर.

"ह्या तुमच्या तीन तारा. जवळजवळ अख्खी गल्ली एकाच तारेवर आहे. सकाळी सगळ्यांचे गीझर, पंप, मिक्सर सुरू झाले की ती दबते. घरातल्या दिव्याला एक तार लागते, पण तुमच्या मोटरला तिन्ही सारख्या लागतात. म्हणून ती एकाच बाजूनं जळते." तिनं खांबाकडं बघितलं. "एवढी घरं एका तारेवर कुणी नेली?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही खांबावर चढलात, आजी?"

"मी सांगितलं म्हनून नेली."

तिनं मागं शिडीकडं बघितलं. तिला कळलं होतं. वायरमननं शिडी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "मॅडम, मी बांधली. एकेक करून. हीच तार जोरात असायची, म्हनून हिच्यावरच."

"आणि जोर होता तिचा जोर तुम्हीच काढलात. एकदा जरी लिहिलं असतं ना, पाचव्या घराला लक्षात आलं असतं."

मला वाटलं आता ह्याचं काही खरं नाही. तिनं त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला, पण कामही त्यालाच दिलं. कारण भार कुठल्या तारेवर आहे ते पेटी सांगत होती, कुठलं घर कुठल्या तारेवर ते सांगत नव्हती. ते फक्त त्याच्या डोक्यात होतं. दुपारभर दोघं गल्लीतून फिरले. तो दार दाखवायचा, ती लाल, पिवळ्या नाहीतर निळ्या खडूनं चौकटीवर खूण करायची. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी लालच लाल झालं. माझ्या शेजारणीनं विचारलं, "काकू, कसली पूजा हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट बंद ठेवून त्यांनी घरं तीन तारांवर वाटली. दुपारपासून लोक मला बोलायला लागले. काकू, आमची चांगली तार काढून घेतली तुमी. आता चांगली-वाईट राहिलेली नाही, तिन्ही सारख्या आहेत, असं मी चार घरांत सांगितलं. पाचव्या घरात सांगितलं नाही. त्यांना सारखं नको होतं. मलाही कधी नको होतं.

जातं आता नऊ वाजताही एका वेगानं फिरतं. पहिलं ज्वारीचं पीठ पडलं ते गार होतं. मी पातेलंभर घेऊन भाकरीच्या गटात गेले. मुख्य बाईनं तिथल्या तिथं मळलं, थापलं आणि कडेवरून बोट फिरवलं. कुठंही फाटली नव्हती.

"हां मावशी. आता हाय विरी."

"मग उद्यापासून पोती लावून दे."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं.

"निम्मी देते. निम्मी मागल्या गल्लीत राहू दे. तुमची मोटर जळाली तवा तिनं पहाटं उठून आमची ज्वारी दळली. एक दिस न्हाई म्हनली न्हाई."

मी रिकामं पातेलं घेऊन घरी आले.

आता रोज सकाळी निम्म्या बायका माझ्या दाराशी पोती उतरवतात. बाकीच्या घडीभर थांबतात, मावशी बरं हाय का विचारतात. मी बरं हाय म्हणते आणि त्यांच्या डोक्यावरची पोती मोजते. मग त्या पुढं जातात, वळणावर वळतात. मी हल्ली तिच्या अर्धा तास आधी जातं सुरू करते. परवापासून तीही अर्धा तास आधी करायला लागली आहे.